हट्ट्याचा मुक्काम

जैन व्यापाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेली प्रवासातील सर्वांत प्रसिद्ध रात्र निराशेची आहे. कवी बनारसीदास यांचा जन्म 1586 मध्ये जौनपूरला झाला आणि 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आग्र्यात आपले आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर आपली निम्मीच कथा सांगून झाली, या हिशेबाने त्यांनी ग्रंथाला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. जवाहीर, तूप आणि तेल असा माल घेऊन ते आग्र्याकडे निघाले असता इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराई आधीच भरली होती. चिखल तुडवीत ते आणि त्यांचे सोबती दारोदार फिरले, पण कोणी बसा म्हटले नाही. एका स्त्रीला दया आली, तोच तिचा नवरा बांबू घेऊन उठला. अखेर चौकीदारांच्या झोपडीत जागा मिळाली, तर तिथेही एक दांडगा माणूस येऊन हक्क सांगू लागला. पुष्कळ विनवल्यावर त्याने स्वतः खाटेवर पथारी पसरली आणि या व्यापाऱ्यांना खाटेखाली तरटावर झोपू दिले.

बनारसीदासांनी हे सारे कसलीही कुरकुर न करता, किंचित हसतच सांगितले आहे. आपल्या घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या प्रवासकथांत मात्र अशी रात्र सहसा नसते. त्या कथांत आजोबा कोणत्याही गावी उतरले की कोणाचे तरी दार उघडतेच. हातपाय धुवायला गरम पाणी येते, सूर्य मावळण्यापूर्वी पान वाढले जाते आणि सकाळी निघताना दशम्यांची पुरचुंडी हाती पडते. अशाच कथा ऐकत वाढलेला एक तरुण गेल्या मार्चमध्ये पाठीवर सॅक अडकवून पुण्याहून एकटाच निघाला. तेवीस वर्षे वय, सी.ए.ची एक परीक्षा नुकतीच आटोपलेली. रेल्वेने परभणीकडे जायचे, पुढे गाड्या बदलत हिंगोली, वाशीम, अकोला असे वर चढायचे आणि वाटेतील तीर्थक्षेत्रे पाहायची, असा आठ दिवसांचा बेत होता. त्यातील पहिला मुक्काम त्याने तीर्थक्षेत्री न ठेवता हट्ट्याला ठेवला.

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याचे गाव. जिल्हा नवा, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला. गाव आणि त्याचा बाजार मात्र जुना. या घराण्याच्या चार पिढ्या तिथे राहिल्या. तूर, कापूस, हळद यांची खरेदी, थोडी अडत आणि, त्या काळच्या प्रत्येक खेडेगावातील दुकानदाराप्रमाणे, थोडी सावकारी. 1972 च्या दुष्काळानंतर आजोबांनी वाडा विकला आणि पुण्यात भवानी पेठेत भुसार मालाचे दुकान टाकले. पुढे त्यांनी हट्टा पुन्हा पाहिले नाही. परंतु पन्नास वर्षे ते रोज त्या गावाविषयी बोलत असत. वाड्यातील चैत्यालय, माडीवरची पाहुण्यांची खोली, रात्री-अपरात्री औंढ्याच्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ओसरीत तेवत ठेवलेला कंदील, हे सारे नातवाला त्याने पाहिलेल्या वस्तूंइतकेच परिचयाचे झाले होते.

त्याने तिकीट वसमतचे काढले, कारण गावाच्या पत्त्यात तालुका वसमत लिहिलेला असतो. वास्तविक परभणीहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता हट्ट्यावरूनच जातो; परभणीला उतरला असता तर काम सोपे झाले असते. कागदावरचा तालुका आणि पायाखालचा रस्ता यांची अशी फारकत आपल्याकडे नवी नाही.

पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायची होती. आज तिथे उभे राहिले की या स्थानकाचे जुने महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत जाणारा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग 1900 मध्ये सुरू झाला आणि पुढे हिंगोलीकडचा फाटा पूर्णेहून निघाला. त्या फाट्यानेच या भागातील कापूस आणि हळद बाहेर गेली आणि तिच्या मागोमाग, दोन पिढ्यांनी, व्यापारी घराणीही गेली. पूर्णा ते अकोला हा मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. त्या दिवशी त्याची पुढची गाडी उशिरा आली. फलाटावर बसून तो घड्याळापेक्षा सूर्याकडेच अधिक पाहत होता; निघताना आजीने त्याच्याकडून प्रवासभर रात्रीभोजनत्यागाचा नियम घेतला होता आणि सोबतचे खाकरे त्याने दुपारीच संपवले होते. वसमतला उतरला तेव्हा सूर्य बुडाला होता. मिळेल त्या वाहनाने तो झिरो फाट्याला आला आणि तिथून दुसऱ्या वाहनाने हट्ट्यात पोचला, तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

गावाला हळदीचा वास होता. मार्चमध्ये या सबंध पट्ट्यात शेतोशेती हळद शिजवली जाते आणि मिळेल त्या मोकळ्या जागेवर वाळत घातली जाते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तो मातकट, उष्ण वास आजोबांच्या कथांत होता. कथेतील एवढी एकच गोष्ट त्या रात्री त्याला जागेवर सापडली.

बंद होत आलेल्या एका चहाच्या हॉटेलात त्याने शेटजींचा वाडा विचारला. ‘‘कोणते शेटजी?’’ असा प्रश्न आला. त्याने आडनाव सांगितले. हॉटेलवाल्याने आतल्या माणसाला विचारले, आतल्याने बाहेर बसलेल्याला विचारले आणि अखेर उलगडा झाला, की पाव्हणा म्हणतो ती जागा म्हणजे कृषी सेवा केंद्राची. त्याने जाऊन पाहिले. सिमेंटचे तीन गाळे, लोखंडी शटर, वर बियाणांच्या कंपन्यांचे फलक. एका बाजूला जुन्या दगडी जोत्याचे पाच-सहा चिरे तेवढे उघडे होते. माडी, चैत्यालय, कंदील यांपैकी काहीही नव्हते. असणार नाही हे त्यालाही ठाऊक असायला हवे होते. विकलेला वाडा पन्नास वर्षे तसाच उभा राहील, ही अपेक्षा हिशेबाला धरून नव्हती. पण अपेक्षा हिशेब विचारून जन्माला येत नाहीत.

गावात लॉज नव्हते. ‘‘लॉज वसमतला, नाहीतर परभणीला,’’ असे हॉटेलवाल्याने सांगितले. या वेळी वाहन मिळण्याची आशा नव्हती. त्याच्या भ्रमणध्वनीत देशभरातील खोल्या दाखविणारे अॅप होते. तिथे हट्ट्याच्या नावापुढे एकही खोली नव्हती. अखेर हॉटेलवाल्यानेच कृषी केंद्राच्या मालकाला बोलावले. तो तिशीतला, समजूतदार गृहस्थ होता. दुकानामागे त्याची पत्र्याची शेड होती आणि तिथे हळदीची पोती राखण्यासाठी त्याचे वृद्ध आजोबा झोपत असत. ‘‘बाज आहे, पंखा आहे, झोपा बिनघोर,’’ असे म्हणून त्याने सॅक स्वतःच उचलली.

इथपर्यंत गोष्ट बनारसीदासांच्या रात्रीपेक्षा बरीच बरी आहे. बिघडली ती पुढे. दहा-पंधरा मिनिटांनी घरातून ताट आले. ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा. तरुणाने हात जोडून, सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही, असे सांगितले. मालक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘का, आमच्या घरचं चालत नाही का?’’

तरुणाने धर्म समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. सूक्ष्म जीव, अहिंसा, आजीला दिलेला शब्द. एकेक वाक्य खरे होते आणि एकेक वाक्याने परिस्थिती अधिकच अवघड होत गेली. ज्या प्रदेशात कोणी कोणाच्या घरचे खावे आणि कोणी खाऊ नये याचे नियम कालपरवापर्यंत जन्मावरून ठरत होते, तिथे नाकारलेल्या ताटाचा एकच अर्थ लागतो. आपल्या आचाराची बाजू आपल्याला आतून दिसते. समोरच्याला बाहेरून फक्त नकार दिसतो. मालकाने वाद घातला नाही. ‘‘असू द्या,’’ म्हणून त्याने ताट उचलले. जाताना त्याने पंख्याचे बटण दाखवले, पण तो पुन्हा फिरकला नाही.

आजोबांच्या काळी हाच नकार कोणाला खुपत नसे, कारण तो कधी द्यावाच लागत नसे. जैन प्रवासी जैनाच्या घरीच उतरत असे आणि तिथे पान दिवेलागणीपूर्वीच वाढले जाई. ज्या आतिथ्याचा आपल्याला अभिमान वाटतो, ते खरे असले तरी त्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. एका पेढीची चिठ्ठी दुसऱ्या गावच्या पेढीवर चाले. जुन्या हुंडीव्यवहाराची माहिती असलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. दर्शनी हुंडी दाखविताच वटवली जाई. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार माणसाच्याच हाती पडत. पाहुणा ही एक प्रकारची दर्शनी हुंडीच होती. आज तुमच्या ओसरीवर उतरलेल्याचे घर उद्या तुमच्या मुलासाठी उघडे असे, आणि हा हिशेब कोणी लिहीत नसले तरी तो चुकत नसे. पण हुंडी वटायला समोरच्या गावी पेढी उघडी असावी लागते. मराठवाड्यातील खेड्यांतून आपली घरे एकामागून एक पुण्याला, संभाजीनगरला, लातूरला गेली. कोणी दुष्काळाने गेले, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, कोणी मुलींच्या लग्नाच्या अडचणीने. तरुणाने त्या रात्री बंद झालेल्या पेढीवर हुंडी दाखवली होती. आणि निराश झाला तो गावावर, जे गाव त्याचे काहीच देणे लागत नव्हते.

शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्यांमधून जेमतेम दोन बाजा मावत होत्या. म्हाताऱ्याचे वय ऐंशीच्या पुढे असावे. ताटाचा प्रसंग त्याने पाहिला होता, पण त्याविषयी तो बोलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, ‘‘कुनाचे म्हनायचं पाव्हनं तुमी?’’ तरुणाने आजोबांचे नाव सांगितले.

‘‘आं? त्येंचे नातू?’’ म्हातारा उठून बसला. ‘‘ठावं हायेत की. त्येंच्याकडं आमच्या बापाचं खातं व्हतं.’’

तरुणाला आनंद झाला. गावात अखेर ओळख पटली होती. त्याने उत्साहाने वाड्याविषयी विचारले. म्हाताऱ्याला वाडा आठवत होता, पण माडी नव्हे. तो कधी माडीवर गेलाच नव्हता. त्याला ओसरी आठवत होती, आणि ओसरीतही खालची पायरी. तिथे बसून बाप अंगठा देत असे.

‘‘नाल्याकाठचं दोन एकर लिहून दिलं व्हतं बापानं. माझ्या बहिणीच्या लग्नात. दुष्काळाच्या लै आदी.’’

‘‘मग ते सुटलं का, बाबा?’’

‘‘कुठलं सुटतंय!’’ हे म्हणताना म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता; पावसाने एखाद्या वर्षी ओढ दिली हे सांगावे तसे त्याने सांगितले. थोडे थांबून तो म्हणाला, ‘‘पन बाप मेला तवा दिवसाला गहू त्येंनीच धाडले व्हते. दोन पोती. मागितले बी नव्हते.’’ एवढे बोलून तो कुशीवर वळला आणि झोपी गेला.

तरुणाला झोप लागली नाही. ज्या कंदिलाविषयी त्याने शेकडो वेळा ऐकले होते, त्याच ओसरीची ही दुसरी बाजू त्याने कधीच ऐकली नव्हती. आजोबा खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी सांगितलेले पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी पाणी तापले होते, हे निःसंशय. कोणतेही घर आपली जमेची बाजू नातवंडांना सांगते. नावेची बाजू दुसऱ्या कोणाच्या तरी घरात, दुसऱ्या कोणाच्या तरी म्हाताऱ्याच्या स्मरणात जपली जाते. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवण्याचा प्रसंग सहसा येत नाही, कारण दोघेही एका छताखाली रात्र काढीत नाहीत.

या ठिकाणी वाचकांपैकी काहीजण म्हणतील, की त्या काळी खेड्यात कर्ज देणारा दुसरा होता कोण? हे म्हणणे बरोबर आहे. बँका तालुक्याच्या गावापलीकडे फारशा पोचल्या नव्हत्या, सहकारी सोसायट्या दुबळ्या होत्या आणि लग्नाला, बैलाला, बियाणाला पैसा दुकानदाराकडूनच मिळत असे. काही कर्जे बुडत, काही व्याज सोडून दिले जाई, काही जमिनी परत केल्या जात आणि काही परत केल्या जात नसत. यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या घरात घडली, हे सरसकट विधानांनी ठरत नाही. ते त्या त्या वहीतच पाहावे लागते.

सकाळी मालक दुकान उघडायला आला. तरुणाने मुक्कामाचे पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. मग तरुणाने, सूर्य उगवून बराच वेळ झाला आहे, आता घरून काही मिळेल का, असे विचारले. मालक थोडा चमकला, मग घरात गेला आणि रात्रीचीच भाकरी व दूध घेऊन आला. शिळे अन्न घेऊ नये, असा आपल्यातील अनेकांचा नियम असतो. तरुणाने ती भाकरी खाल्ली. बरोबर केले की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. महाराजांकडे विषय निघाला तर मतभेद होतील. म्हातारा तेव्हा झोपलेलाच होता.

गावातील जुनी दगडी बारव पाहून, दोन वाहने बदलून, तो शिरडशहापूरला गेला. औंढा नागनाथ तालुक्यातील हे मल्लिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र आपल्या वाचकांना परिचित आहे. परंपरा अशी सांगते, की मल्लिनाथांची मूर्ती अर्धापूरहून कारंज्याकडे नेली जात असता शिरडशहापूरला मुक्काम पडला आणि पुढे निघण्याच्या वेळी मूर्ती जागची हलेना. तेव्हा तिथेच मंदिर झाले. एका रात्रीचा मुक्काम असा कायमचा झाला. त्याच परिसरात चार पिढ्या राहिलेले त्याचे घराणे मात्र एका दुष्काळात हलले होते. क्षेत्रावरील भोजनशाळेत त्याला मायेने जेवू घातले गेले आणि राहण्याचा आग्रहही झाला. हे सारे आजोबांच्या कथेबरहुकूम होते. तरीही आपल्याला त्याचा हवा तितका आनंद होत नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

पुढे तो हिंगोलीहून वाशीमला आणि तिथून शिरपूरला गेला. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे ते मंदिर वादामुळे 1981 पासून कुलूपबंद होते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडले. मधली चार दशके भाविकांनी दारातील झरोक्यातून दर्शन घेतले. बंद दारापर्यंत जाऊन परतण्याचा सराव या मार्गावरच्या यात्रेकरूंना बराच आहे.

पुण्याला आल्यावर त्याने वडिलांना नाल्याकाठच्या शेताविषयी विचारले. वडील प्रथम रागावले, मग गप्प बसले. हट्टा सोडले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. शेत होते हे त्यांना आठवत होते, विकले की परत केले हे आठवत नव्हते. आजी म्हणाली, की तुझे आजोबा निघताना आठ दिवस माळवदावर बसून कागद पाहत होते आणि काही लोकांना बोलावून काहीबाही फाडून टाकत होते. पण ते कर्जरोखे होते की जुने टपाल, हे तिने विचारले नव्हते. त्या काळी बायका विचारीत नसत.

वह्या मात्र आहेत. दरवर्षी दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी लाल कापडात बांधलेले ते गाठोडे पाटावर ठेवून त्याला कुंकू लावले जाते आणि पुन्हा कपाटात ठेवले जाते. गाठोडे सोडले गेले ते यंदा प्रथमच. अकरा वह्या निघाल्या, सगळ्या मोडीत. घरात दोन सी.ए., एक वकील आणि एक संगणक अभियंता असूनही त्यातील एक ओळ कोणाला वाचता येईना. अखेर मोडी जाणणारे एक सेवानिवृत्त शिक्षक मिळाले. ते दर रविवारी दोन तास येतात आणि तरुण त्यांच्याशेजारी बसून उतरवून घेतो. आतापर्यंत पहिली वही झाली आहे. तिच्यात तूर आहे, सरकी आहे, पाहुण्यांसाठी आणलेल्या गुळाचा आणि तुपाचा खर्च आहे, आणि त्याच अक्षरात, त्याच शाईत, खातेदारांची नावे आणि अंगठे आहेत. नाल्याकाठचे शेत अजून आलेले नाही.